समोरची सीट मिळणार नाही: पद्मिनीच्या आतल्या सामानाची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या तेवढ्या काढल्या आहेत.)

समुद्रपूरहून बोलतोय. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याने खाली आलं की जाम लागतं, तिथून आत वळलं की आमचं तालुक्याचं गाव. गाडी तीच, बाबांची प्रीमियर पद्मिनी, 1975ची. बाबा हिंगणघाटला कापसाची अडत करायचे. त्यांनी ती 1983 साली नागपुरात सेकंडहँड घेतली. घरात तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात.

इंजिनाच्या भागानंतर सगळ्यांनी एकच विचारलं. आतलं सामान कुठे मिळालं? दरवाज्याचे हँडल, काच वर करायचं हँडल, सीटचं रेक्झिन, छताचं कापड. तर आज तेवढंच. आणि सुरुवातीलाच सांगतो, मला सगळं मिळालं नाही.

आधी एक समजून घ्या. ही गाडी कुर्ल्याला बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेली कंपनी. 1964ला 1100 डिलाइट आली, 1974पासून तिचंच नाव पद्मिनी झालं आणि साधारण 2000पर्यंत ती बनत राहिली. म्हणजे गाड्या ढिगाने आहेत. मग सामान का मिळत नाही? इंजिनाचं मिळतं. गास्केट, क्लच प्लेट, सायलेन्सर, अजूनही मिळतं. याचं कारण मुंबईच्या टॅक्स्या. त्या 2023च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत रस्त्यावर होत्या, वीस वर्षांची मर्यादा संपली तेव्हा शेवटची उतरली. तोवर त्यांच्यासाठी सामान बनत होतं. पण टॅक्सीला आतलं ओरिजिनल लागतच नाही. टॅक्सीवाल्याला धुता येईल असं प्लॅस्टिक पाहिजे, छताला फुलाफुलांचं कापड पाहिजे. दर दोन-तीन वर्षांनी सीट पुन्हा शिवायची. त्यामुळे टॅक्सी भंगारात निघाली तरी तिच्या आत आपल्या कामाचं जवळजवळ काही नसतं.

दुसरी गंमत म्हणजे सगळ्या पद्मिनी आतून सारख्या नाहीत. आमच्या गाडीला समोर एक सलग लांब सीट आहे आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. शेवटच्या वर्षांतल्या काही मॉडेलना वेगवेगळ्या दोन सीट आणि खाली गिअर आला. त्यांचं सामान बघून हुरळून जाऊ नका, बसत नाही. मी एकदा फसलो. एका शहरातल्या दुकानदाराने ‘कंपनीचं, पॅकबंद’ म्हणून चार हँडलं दिली. घरी आणून बघतो तर भोक अर्ध्या सुताने मोठं. लावली आणि फिरवली तर नुसतीच फिरतात, काच जागच्या जागी. तेव्हापासून मी नियम केला, खिशात आपल्या गाडीचं तुटकं हँडल घेऊनच दुकानात जायचं. फोटो नाही. हँडल.

यावरून सांगतो, जुनं काहीही फेकू नका. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. दरवाज्याचे पॅड पावसात फुगले होते, हार्डबोर्डची पोळी झाली होती. मी ते ओढून काढले आणि पेटवून दिले. मग नवीन हार्डबोर्ड आणला आणि लक्षात आलं की क्लिपांची भोकं कुठे पाडायची तेच माहीत नाही. फुगलेला, सडलेला का होईना, तो पॅड म्हणजे नकाशा होता. आता मी प्रत्येक वस्तू काढल्यावर वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने गिरवतो, स्क्रू त्याच कागदावर चिकटपट्टीने लावतो. छताच्या कापडात लोखंडी सळ्या असतात, त्यांची लांबी वेगवेगळी. त्यांना पुढून मागे नंबर टाकले नाहीत तर दोन दिवस जातात. माझे गेले.

आता मुख्य गोष्ट. गिरडकडच्या एका गावात टिनाच्या शेडमध्ये तशीच एक फियाट उभी आहे असं आमच्या भंगारवाल्याने सांगितलं. तोच तिला किलोवर घ्यायला गेला होता, भाव जमला नाही. मी गेलो. गाडी एका काकूंची. त्यांचे यजमान वारून बारा वर्षं झालेली. वरून गाडी पार गेलेली, पण शेडमध्ये असल्यामुळे आतून, अहो काय सांगू, जशीच्या तशी. दरवाज्याचे पॅड कोरडे. चारी हँडलं. समोरच्या कप्प्याचं झाकण, तेही कुलपासकट. हस्तिदंती स्टिअरिंगला एक चीर नाही. मला घाम फुटला.

पण मी लगेच हो म्हटलं नाही. कारण आपण ‘पार्ट’ म्हणतो ते कुणाच्या तरी गाडीतूनच निघतं. एक गाडी नीट करायला दुसरी मोडायची. ती दुसरी माझ्यापेक्षा चांगली असेल तर? म्हणून आधी मॅट उचलली आणि दारांखालच्या पट्टीला स्क्रू ड्रायव्हर लावला. दाबला नाही, नुसता लावला. आरपार गेला. फियाटला ट्रकासारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. 1953 साली इटलीत ही 1100 नव्या रूपात आली तेव्हापासून तसंच आहे. त्यामुळे खालचा पत्रा आणि पट्ट्या गेल्या की पाठीचा कणाच गेला. अॅम्बॅसेडर-फियाट सोडा, कुठल्याही जुन्या गाडीचं सामान घेण्याआधी हे बघा. गाडी उभी राहू शकत असेल तर ती कुणीतरी उभी करील, तिला हात लावू नका. ही राहू शकत नव्हती. मी तीनदा बघितलं, कारण मला ती हँडलं हवी होती आणि अशा वेळी माणूस स्वतःशीही खोटं बोलतो.

अठरा हजारांत ठरलं. आधी वर्ध्याच्या आरटीओत नोंदणी रद्द करायची, मगच पाना लावायचा, हे मी ठरवून टाकलं. काकूंच्या नावावर उद्या काही बालंट नको. कागद झाले, मी पाने घेऊन गेलो, आणि पाहतो तर गाडीत समोरची सीट नाही.

ती छपरीत होती. भिंतीला लावलेली, खाली दोन विटा. काकू तिच्यावर बसून तूर निवडत होत्या.

‘‘सीट नाही भेटत बाबू,’’ काकू म्हणाल्या. ‘‘बाकी सारं ने. मी इथंच बसून राहते रोज.’’

मंडळी, खरं सांगतो, मला राग आला. सौद्यात सीट होती असं मी धरून चाललो होतो. जास्त पैसे देतो म्हटलं, नवीन सोफा आणून देतो म्हटलं. त्या नुसत्या हसल्या आणि चहा ठेवला. चहा पिता पिता मीही त्या सीटवर बसलो आणि मग विषय सोडून दिला.

मग विचारलं, काकू, माप तरी घेऊ का? त्यांनी तूर बाजूला केली. मी वर्तमानपत्रं पसरली आणि दोन तास ती सीट उतरवून घेतली. उभ्या पट्ट्या किती, प्रत्येकीची रुंदी, शिलाई कडेपासून किती आत, मागच्या पाठीला उतार किती. रेक्झिनचा खरा रंग पाठीच्या खालच्या घडीत दिसला, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं. वरून फिकट तांबूस, घडीत गडद मरून. माझ्या गाडीला मी तांबूस घेणार होतो, ती चूक टळली.

आता बसवण्याचं. हिंगणघाटचे कुशनवाले भाऊ चांगले कारागीर, पण त्यांचा आग्रह फोमचा. ‘‘दादा, आता काथ्या कोण घालते? फोम टाका, मऊ होते.’’ मी ऐकलं. सीट दिसायला झकास झाली. बाबांना बसवलं. बाबा 81 वर्षांचे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला, इकडेतिकडे सरकले आणि म्हणाले, ‘‘अबे, मी गाडीत नाही, गाडीवर बसून राहिलो.’’ मोजलं तर सीट सव्वा इंच उंच झाली होती. जुन्या सीटमध्ये स्प्रिंग, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर कापूस असतो. माणूस बसला की तो थर दबतो, आणि गाडीतली बाकी सगळी उंची त्या दबलेल्या सीटवरून ठरलेली असते. पुन्हा उसवलं. स्प्रिंगा गंज काढून रंगवल्या, तुटलेल्या दोन तारेने बांधल्या. कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून आणला. कापसाच्या मुलखात राहून फोम घातला याची आता लाज वाटते, पण असो.

छताचं काम मे महिन्यात काढा. विदर्भाच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. रेक्झिन तासभर पत्र्यावर टाकलं की नरम पडतं, आधी पुढून मागे ताणायचं, मग मधून बाजूंना. पुढची आणि मागची काच काढावी लागते, कारण कापडाची कड काचेच्या रबराखाली जाते. काच परत बसवताना रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा, बाहेरून एकाने तळहाताने दाबायचं आणि आतून दुसऱ्याने दोरी ओढत जायची. घाई करायची नाही.

पॅडच्या मागे जाड पॉलिथिन चिकटवा आणि दरवाज्याच्या तळाची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा. पॅड सडतात ते वरून भिजून नाही, पाणी आत तुंबून. जुन्या हँडलांना क्रोम करताना पॉलिशवाल्याच्या डोक्यावर उभे राहा. ते ओतीव जस्ताचं असतं, जास्त घासलं की नक्षी जाते आणि परत येत नाही. माझ्या चारपैकी एक असं सपाट झालंय, ते मी मागच्या उजव्या दाराला लावलं.

एक प्रश्न नेहमी येतो, व्हिंटेजची नोंदणी का नाही करत? 2021च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, नव्याने करायला वीस हजार फी. गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत. पण मग ती रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. बाबांना बुधवारी हिंगणघाटला जायचं असतं, जुन्या अडतीवर चहा प्यायला. त्यामुळे आम्ही साधीच नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवतो.

सगळं झाल्यावर मागच्या महिन्यात गाडी घेऊन काकूंकडे गेलो. त्यांच्या दाराची हँडलं, त्यांच्या कप्प्याचं झाकण, आणि माझी शिवलेली सीट. काकू पुढे बसल्या. काच खाली केली, वर केली. झाकण उघडून आत हात घालून पाहिला, काय शोधत होत्या कोण जाणे. मग सीटच्या कडेवरून बोट फिरवलं.

‘‘ही दोरी जाड झाली बाप्पा,’’ म्हणाल्या.

कडेच्या पायपिंगमधली दोरी. दोन तास मापं घेतली, पण ते मी मोजलंच नव्हतं. छपरीत जाऊन त्यांच्या सीटची एक उसवलेली कड बघितली. साडेतीन मिलिमीटर. मी पाच घातली होती.

कुशनवाल्या भाऊंना सांगितलंय, दिवाळीनंतर परत उसवू. पुढच्या भागात वायरिंग. तोवर नमस्कार.