त्यांच्या हातचा चहा

(सेवाक्षेत्रातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सेवाप्रकल्पाची भेट हा कार्यकर्त्याच्या जीवनातील परिचित प्रसंग आहे. सकाळी गाडी निघते. दिव्यांगांची कार्यशाळा पाहून होते, मुलांना खाऊ वाटला जातो, सामूहिक छायाचित्र निघते आणि परतीच्या वाटेवर सर्वांचे मन भरून आलेले असते. त्या भावनेत खोटे काही नसते. प्रश्न एवढाच, की गाडी वळल्यानंतर तेथे काय उरते? ज्या तरुणाने महिनाभर बसून पणत्या रंगवल्या, त्याच्या मालाला दिवाळी सरल्यावर गिऱ्हाईक असते का?

आपल्या समाजात माणूस आपला की परका, याची कसोटी फार जुनी आहे. ज्याच्या हातचे अन्न आपण निःशंकपणे खातो, तो आपला. रोटीव्यवहार हा शब्द त्यातूनच आला. १९३३ साली रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले, ते हीच कसोटी ओळखून. अस्पृश्य मानलेल्या बांधवाच्या हातून तेथे चहा-फराळ दिला जाई आणि भेटीस येणाऱ्याने आधी तेथे चहा घ्यावा, असा सावरकरांचा आग्रह असे. समतेवरील शंभर व्याख्यानांचे काम चहाचा एक पेला करीत होता.

हीच कसोटी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत चांपा येथे लागली. छत्तीसगडमधील या गावाजवळ १९६२ साली सदाशिवराव कात्रे यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. कात्रे स्वतः कुष्ठरोगाने पीडित होते. ज्याला समाजाने दूर लोटले, त्यानेच इतरांसाठी आधार उभा केला. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट या कार्यात आले आणि तेथलेच झाले. ते रुग्णांमध्ये राहिले, त्यांच्या हातचे जेवले. आश्रमवासीयांनी शेती पिकवली, खडू तयार केले, दोर वळले. २०१८ साली बापटांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी देह ठेवला. औषधाने शरीरातील रोग जातो. मात्र रोग्याच्या मनातील ‘मी निरुपयोगी आहे’ ही भावना घालवायला घामाची भाकरी लागते, हे चांपाने दाखवून दिले.

या भाकरीला बाजाराचीही जोड हवी. कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ उभारताना काजूप्रक्रियेचा उद्योग निवडला. चाकाच्या खुर्चीवरून चार दशके काम करणाऱ्या नसीमा हुरजूक या संस्थेच्या संस्थापक. निवड किती विचारपूर्वक होती, हे काजूचे काम पाहिले की कळते. बी वाफवून फोडावी लागते, गर वाळवावा लागतो, त्यावरील तांबूस साल अलगद काढावी लागते आणि शेवटी आकार व रंग पाहून प्रतवारी करावी लागते. सोलणे आणि निवडणे ही कामे बसून होतात. त्यांना पाय लागत नाहीत, बोटांतील कसब आणि नजर लागते. आणि काजूच्या बाजारात दया चालत नाही. गर अखंड असेल तर एक भाव, तुकडा पडला तर दुसरा. हा बाजार कठोर असला तरी प्रामाणिक आहे. करणाऱ्याच्या शरीराकडे न पाहता तो मालाकडे पाहतो. दिव्यांग व्यक्तीला हवा असतो तो हाच न्याय.

कर्नाटकातील हुबळी येथे २०१७ साली अलीना आलम या तरुणीने ‘मिट्टी कॅफे’ सुरू केले. तेथे दिव्यांग तरुण-तरुणी पदार्थ करतात आणि वाढतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातील त्यांच्या उपाहारगृहाचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या हस्ते झाले. जेथे न्याय दिला जातो, तेथे या हातांचा चहा पोहोचला.

तरीही वाट मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते आणि त्यांपैकी साधारण ३६ टक्केच कोणते ना कोणते काम करीत होते. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के झाले. परंतु कायदा गिऱ्हाईक होऊ शकत नाही. ते काम समाजाचे आहे. ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. शब्दाबरोबर व्यवहारही बदलला पाहिजे.

म्हणून यापुढे कार्यशाळेच्या भेटीस जाणाऱ्या कार्यकर्त्याने काही पथ्ये पाळावीत. ‘याला काय झाले आहे?’ असे त्या व्यक्तीदेखत शिक्षिकेला विचारू नये; ‘हे कसे करता?’ असे करणाऱ्यालाच विचारावे. परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. तेथे चहा मिळाला तर तो घ्यावा, आणि विक्रीचा असेल तर पैसे देऊन घ्यावा. चिवड्यात मीठ जास्त असेल तर तसे सांगावे, कारण दोष लपवणारे कौतुक हाही एक प्रकारचा अव्हेरच आहे. निघताना देणगीची पावती घ्यावीच, शिवाय भावपत्रकही मागून घ्यावे. घरचे मंगलकार्य, कार्यालयाचा फराळ, उत्सवाचा प्रसाद, रक्षाबंधनाच्या राख्या यांची मागणी तेथे नोंदवावी. दिवाळीत सारेच घेतात. आषाढातही घेणारा तो खरा आधार.

अशा मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न रात्रंदिवस छळत असतो: ‘आमच्यामागे याचे काय?’ त्यांना सांत्वनाचे शब्द पुष्कळ मिळालेले असतात. त्यांना पाहायचे असते ते एवढेच, की मूल सकाळी डबा घेऊन कामावर गेले, संध्याकाळी थकून परत आले आणि महिनाअखेर त्याने स्वतःची कमाई आईच्या हातावर ठेवली. ती कमाई गावातील शंभर घरांच्या नियमित खरेदीतून येते. ती शंभर घरे मिळवून देणे कोणत्याही गावातील कार्यकर्त्याच्या आवाक्यातले आहे. सुरुवात त्याच्या स्वतःच्या घरापासून व्हावी.