घर आपले, दर्शनी बाजू नगराची

(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



चंडीगढमध्ये घर केलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच : पदरचे पैसे खर्चून उभारलेल्या वास्तूचा दर्शनी भाग बदलावयास सरकारची अनुज्ञा कशासाठी? मी सरकारी नोकर असलो, तरी येथे मांडतो ती व्यक्तिगत मते होत.

हे नगर आपोआप वाढलेले नाही. ते आधी कागदावर आखले गेले. ल कॉर्बुझिए यांच्याबरोबर पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी काम केले. त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांत ए. आर. प्रभावळकर होते, हे नाव ऐकून आपल्याला आपलेपणा वाटावा. भूखंडांबरोबर अटीही आल्या. १९५२ च्या ‘कॅपिटल ऑफ पंजाब’ कायद्याच्या चौथ्या कलमान्वये इमारतीच्या दर्शनी भागाची ठेवण, कुंपणाची उंची, जागेचा वापर यांविषयी निर्देश देता येतात.

भिंतीला भिंत लागून असलेल्या लहान घरांसाठी ‘फ्रेम कंट्रोल’ आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि माथ्यावरची आडवी पट्टी मिळून एक चौकट होते. तिची रेषा व उंची ठरलेली असते. आतील रचनेत मालकाला बरीच मोकळीक असते. रांगोळीचे ठिपके ठरलेले, नक्षी मात्र काढणारीच्या हातची, असाच हा प्रकार. त्यामुळे शेजाऱ्याचा उजेड-वारा अडत नाही आणि रस्त्याची शोभा सर्वांच्या मालकीची राहते.

परंतु दुसरी बाजूही आहे. संसार वाढतो, मुलांची लग्ने होतात, गावाकडचे वृद्ध आईवडील येऊन राहतात. मग व्हरांडा बंद करून खोली काढली जाते. हाउसिंग बोर्डाच्या घरांतून अशा ‘गरजेनुसार फेरबदलां’चा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. ही गरज खोटी नाही. मात्र बहुमजली इमारतीत एकाने वाढविलेल्या बांधकामाचा भार खालच्यांच्या डोक्यावर येतो, हेही खोटे नाही.

नियमाला बगल दिली की काय होते, हे अलीकडेच दिसले. मजल्यांना स्वतंत्र सदनिका मानणारे २००१ चे नियम २००७ मध्ये रद्द झाले. तरी हिस्से विकून आणि आपसांत करार करून तोच व्यवहार चालू राहिला. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० या पहिल्या टप्प्यातील निवासी घरांचे असे विभाजन नगराच्या वारशाचा विचार करून निषिद्ध ठरविले. पिढ्यांची बचत गुंतविलेल्यांची चिंता आपण समजू शकतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. नागरिकाने वीट रचण्यापूर्वी वाटपपत्र व मंजूर नकाशा वाचावा, वास्तुविशारदाकडून आराखडा करून लेखी अनुज्ञा घ्यावी. ‘शेजाऱ्याने केले’ हे कायद्यापुढे उत्तर होत नाही. प्रशासनानेही नियम सोप्या भाषेत द्यावेत, अर्ज मुदतीत निकाली काढावेत आणि मोठ्या बंगल्याला व लहान घराला एकच माप लावावे. अनुज्ञा मिळण्यास विलंब होतो, तेथेच अनधिकृत बांधकाम फोफावते.

आपण येथे पोटापाण्यासाठी आलो आणि येथलेच झालो. या नगराने आपल्याला सावली दिली. तिची जपणूक करणे हे आपलेही कर्तव्य आहे.