कॉलेज कोण निवडतं?

(मूल इथे महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांचं एकदिवसीय शिबिर झालं. त्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



दहावी-बारावीनंतर मुलींना योग्य कॉलेज निवडायला मदत कशी करायची, असा विषय मला दिला आहे. त्यावर बोलण्याआधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारते. तुमच्या गावातून मागच्या वर्षी बारावी पास झालेल्या मुली आठवा. त्यांचं कॉलेज कुणी निवडलं?

कुणी म्हणतंय बापानं, कुणी म्हणतंय मोठ्या भावानं. मागून आवाज आला, "एस.टी.नं निवडलं." हसू नका. तिचं उत्तर सगळ्यांत खरं आहे. पोरीनं स्वतः निवडलं, असं मात्र अजून एकीनंही सांगितलं नाही.

म्हणून "योग्य कॉलेज कोणतं" याच्या आधी "निवडतंय कोण" हे पाहायला हवं. मुलाचं कॉलेज ठरवताना तो पुढे काय करणार, हे घरात बोललं जातं. मुलीच्या बाबतीत बोललं जातं ते संध्याकाळी ती किती वाजता घरी येणार याबद्दल.

आपल्या भागात कॉलेजं नाहीत असं आता म्हणता येत नाही. मूलमध्ये आहे. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर चंद्रपूर, चाळीसेक किलोमीटरवर गडचिरोली, वर ब्रह्मपुरी. वरोऱ्याला आनंदवनात आनंद निकेतन आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचं केंद्र बल्लारपूरला आलं आहे. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायची तरी नागपूर गाठावं लागायचं. चंद्रपूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे नकाशावर कॉलेज जवळ आलं. पण गावातली पोरगी नकाशावरून चालत नाही, रस्त्यावरून चालते.

तो रस्ता कसा आहे, ते तुम्हाला मी काय सांगणार? पाचवीपासून बारावीपर्यंत गावातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास फुकट असतो. शाळकरी मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस धावतात. बारावी झाली की हे दोन्ही संपतं. मार्च २०२३ पासून एस.टी.त सगळ्या बायकांना अर्धं तिकीट झालं, विद्यार्थ्यांना सवलतीचा पासही आहे. पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? शेवटचा तास चार वाजता सुटतो, गाडी साडेसहाला. फाट्यावर उतरून गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर जंगलातून पायी. मूल, सिंदेवाही, सावली, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात वाघ माणसं मारतो. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायका परत आल्या नाहीत, हे आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. तेव्हा आईची भीती खोटी नाही. भीतीला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

पण त्याच भीतीतून दोन वेगळे निर्णय निघतात. मुलगा असला की कर्ज काढून गाडी घेतली जाते. मुलगी असली की शिक्षण थांबवलं जातं. वाघ दोघांनाही सारखाच. फरक आपण करतो.

आणि थांबवलं असं कुणी उघड म्हणतही नाही. "नाव टाकून ठेवू" म्हणतात. जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव टाकायचं, वर्षभर रोवणा, निंदण, कापणी करायची आणि परीक्षेपुरतं जायचं. यात कॉलेज वाईट असतं असं नाही, पण पोरीला कॉलेज मिळतच नाही. तीन वर्षांनी पदवीचा कागद येतो. ग्रंथालय, मैत्रिणी, बाईंना प्रश्न विचारण्याची सवय, यातलं काही येत नाही. तेव्हा जिथे ती रोज जाऊ शकेल आणि अभ्यासक्रम पुरा करू शकेल, जिथून पुढचा रस्ता निघतो, तेच तिच्यासाठी योग्य कॉलेज. मग ते मूलचं असो की नागपूरचं. नुसत्या मोठ्या नावाला भुलू नका आणि नुसत्या जवळपणालाही नको.

रोज जाणं-येणं जमत नसेल तर वसतिगृह पाहायचं. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार, आदिवासी मुलींना स्वयम आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलींना सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. त्यात राहण्या-जेवणाचे पैसे मुलीच्या खात्यात येतात. खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं आणि पासबुक तिच्याजवळ हवं. अटी बदलत राहतात, म्हणून दरवर्षी कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्यायची.

फीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला. ओबीसी, एस.ई.बी.सी. आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. गावात मात्र एवढंच पोचलं की "मुलींना सगळं फुकट". सगळं फुकट नाही. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तरच ही माफी. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही. खासगी विद्यापीठांतही नाही. खोलीभाडं, मेस आणि पुस्तकं यात येत नाहीत. कॉलेजच्या माणसानं "आधी पैसे भरा, मग माफी बघू" म्हटलं, तर प्रवेश कोणत्या प्रक्रियेतून होतोय, हे त्याला लगेच विचारायचं.

आता नर्सिंगचं बोलते. माझ्या ओळखीच्या एका गावात एका बाईनं दागिना मोडून मुलीला नर्सिंगला घातलं. कॉलेज म्हणजे बाजारातल्या दुकानावरच्या दोन खोल्या. वर्षभरानं प्रमाणपत्र मिळालं, छान फ्रेम केलेलं. नोकरीसाठी अर्ज केला तेव्हा कळलं की त्या कोर्सला मान्यताच नाही. मुलगी आज एका दवाखान्यात बारा तास राबते, तिला नर्स म्हणतात आणि पगार देतात झाडूवालीचा. संस्थेनं पैसे परत केले नाहीत. हे एकीचंच झालेलं नाही. म्हणून पाठ करून ठेवा: ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदता आलं तरच ती नर्स. सहा महिन्यांत नर्स करून देतो असं जो म्हणतो, त्याच्याकडे मान्यतेचं पत्र मागायचं आणि पैसा देण्याआधी ते परिषदेकडून पडताळून घ्यायचं.

नर्स आणि मास्तरीण, या दोन कामांपुढे मुलींसाठी आपला विचार जात नाही, हेही बोलू या. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ते गाव तेव्हा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात होतं. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्यात लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोन बायका होत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. आपल्या मातीतल्या मुलीच्या केसनं कायदा बदलला, पण या मातीतल्या किती मुलींना आपण वकील होण्याचं सुचवलं? पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कुठलीही शाखा चालते. उलट बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागतंच. म्हणजे पुढची दारं दहावीनंतरच उघडतात किंवा बंद होतात. मदत बारावीला करून भागत नाही, नववी-दहावीपासून करावी लागते.

दहावीनंतरचा फॉर्मही आता गावातल्या शाळेत भरून होत नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. फॉर्ममध्ये दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग तो पहिला नंबर कुणी टाकला? बऱ्याचदा सेतू केंद्रातल्या पोरानं, त्याला जे आठवलं ते. आणि फॉर्मवर मोबाइल नंबर कुणाचा? भावाचा. ओ.टी.पी. त्याला, कॉलेज लागल्याचा निरोपही त्याला. तो कामाला हैदराबादला गेलेला असला की पोरीची तारीख निघून जाते. पसंतीक्रम मुलीनं आधी कागदावर स्वतःच्या हातानं लिहायचा आणि गटातल्या एका बाईनं तिच्याबरोबर केंद्रात जाऊन तो जसाच्या तसा भरून घ्यायचा. नंबर तिचा, नसेल तर आईचा.

कागदपत्रांत सगळ्यांत जास्त अडतात त्या टाकलेल्या बायकांच्या मुली. जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे मागतात. बापानं दुसरी केलेली असते, सासरचे दारात उभं करत नाहीत. मार्च २०२४ मध्ये सरकारनं कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं, पण ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांसाठी. आज सतरा वर्षांची असलेली मुलगी त्यात येत नाही. तिच्यासाठी आपल्यालाच सासरच्या गावच्या शाळेतून दाखल-खारीजचा उतारा काढायला जावं लागेल. एकटी आई गेली तर हाकलतात, चौघी गेलो तर खुर्ची देतात. जात पडताळणीला महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज टाकायचा.

प्रवेशाआधी मुलगी आणि तिची आई, दोघींना कॉलेज दाखवून आणा. तास होतात का, प्रयोगशाळेला कुलूप आहे का, मुलींचं संडास वापरण्याजोगं आहे का, वसतिगृहाला बाई अधीक्षक आहे का, ते बघा. लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत तक्रार समिती २०१३ च्या कायद्यानं आवश्यक आहे. तिच्यावर कोण आहे, त्यांची नावं कुठे लावली आहेत, हे विचारा. उत्तर देताना कोण चाचरतं, त्यावरूनही पुष्कळ कळतं. आणि त्याच कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलींशी फाटकाबाहेर बोला.

घरच्यांशी बोलताना भांडायला जाऊ नका. "जास्त शिकली तर तोलाचा मुलगा मिळत नाही" असं म्हणतात. त्यांना विचारा, कमी शिकलेल्या मुलींना मिळालेले नवरे तुम्हाला पसंत आहेत का? आणि बोलताना मुलगी तिथे हजर हवी. तिच्याबद्दल तिच्यामागे ठरवायचं नाही, आपणसुद्धा नाही. ती आपल्याला न पटणारं काही निवडेल. तिला सगळी माहिती द्या, धोका दाखवा आणि मग तिचं ऐका.

आता कामाचं. प्रवेशाच्या दिवसांत आपण सगळ्या रोवण्यात असतो, कंबर मोडलेली असते. तेव्हा धावाधाव करून काही होत नाही. जानेवारीत प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या दहावी-बारावीच्या मुलींची यादी करायची. फेब्रुवारीपर्यंत दाखले. उन्हाळ्यात कॉलेज पाहणं. आणि एस.टी.चं काम सगळ्या गावांनी मिळून करायचं: कोणत्या गावच्या किती मुली, कॉलेज किती वाजता सुटतं, गाडी किती वाजता येते, हे लिहून, सह्या घेऊन डेपोत आणि तहसीलदाराकडे द्यायचं. एकट्या बापाच्या अर्जावर गाडीची वेळ बदलत नाही. वीस गावांच्या बायका गेल्या तर बदलावी लागते.

जेवणाच्या सुट्टीत यादीचा कागद फिरवते. आपापल्या गावाचं नाव आणि मुलींची संख्या लिहा. संख्या आठवत नसेल तर गावी जाऊन मोजा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.