पाठीवरच्या दोन खुणा



सकाळी पंचवटीत सिझर, दुपारी सिडकोत हर्निया, संध्याकाळी नाशिकरोडला खुब्याचे हाड मोडलेली आजी. नाशिकमधल्या भूलतज्ज्ञाचा दिवस असा एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो. बॅगेत लॅरिंगोस्कोप, औषधे आणि स्पायनलच्या, म्हणजे पाठीतून द्यायच्या भुलीच्या, सुया असतात. कमरेच्या मणक्यांमधली फट शोधायला मात्र त्याची बोटे. कमरेच्या हाडांचे वरचे काठ दोन्ही बाजूंनी चाचपायचे आणि त्यांना जोडणारी आडवी रेघ मनात ओढायची. ती कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीवरून जाते, असे धरून चालायचे. फ्रेंच सर्जन त्युफिए यांच्या नावाची ही रेघ आजही प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पहिल्या आठवड्यात शिकवली जाते.

रेघ खरी आहे, पण बोटांना ती सापडतेच असे नाही.

२००० साली इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. शंभर रुग्णांच्या पाठीवर खूण करायची, ती कोणत्या फटीवर आहे हे बोटांनी चाचपून सांगायचे, आणि उत्तर एमआरआयशी ताडून पाहायचे. बरोबर उत्तरे निघाली फक्त २९ टक्के. ५१ टक्के वेळा खूण डॉक्टरांना वाटले त्याहून एक फट वर होती, काही वेळा चक्क चार फटी वर. चूक वरच्या दिशेने व्हावी, हेच यातले भयंकर. कारण मज्जारज्जू वरच असतो. त्याच शंभरांपैकी १९ जणांत तो कमरेच्या पहिल्या मणक्याच्याही खाली उतरलेला दिसला. पुढच्याच वर्षी फेलिसिटी रेनल्ड्स यांनी मज्जारज्जूच्या टोकाला इजा झालेल्या सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सुई शिरताना कळ आली होती. डॉक्टरांचा समज मात्र बहुतेक वेळा असा होता, की सुई कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्येच आहे.

दिवस भरलेल्या बाईची कंबर आत वळलेली असते, अंगावर सूज असते, कळांमुळे तिला नीट वाकताही येत नाही. सुई दोन-चार वेळा टोचावी लागली, की पुढची कितीतरी वर्षे घरात एकच वाक्य ऐकू येते: पाठीत इंजेक्शन दिले तेव्हापासून कंबर धरली. स्पायनलमुळे कायमची कंबरदुखी लागते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. तरी तिच्या त्या आठवणीचा मान राखायला हवा. एका टोचण्यात काम झाले असते, तर ती आठवण इतकी बोचरी राहिली नसती.

सोनोग्राफी इथे कामाला येते. वक्र प्रोब आधी त्रिकास्थीवर ठेवायचा. पडद्यावर सलग पांढरी रेघ दिसते. ती तुटते तिथे पाचव्या मणक्याखालची फट. तिथून करवतीच्या दातांसारखे मणके मोजत वर जायचे. त्वचेपासून किती खोल जायचे, तेही सुई उचलण्याआधी कळते. २०११ मध्ये लठ्ठपणा, वाकडा कणा किंवा जुनी शस्त्रक्रिया यांमुळे अवघड झालेल्या १२० पाठींवर चाचणी झाली. पहिल्याच प्रयत्नात यश सोनोग्राफीने ६५ टक्के, बोटांनी ३२. सडपातळ, सहज चाचपता येणाऱ्या पाठीत असा फरक दिसत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. शिवाय कुणाचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला असला, तर पडद्यावरची मोजणीही चुकते.

आता हा प्रोब खिशात मावतो, मोबाइलला जोडता येतो. तरी नाशिकच्या भूलतज्ज्ञाने तो बॅगेत टाकून दवाखान्यादवाखान्यांत न्यायचा नाही; कायदा तसे करू देत नाही. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. २०१२ च्या नियमबदलाने हातातल्या यंत्रालाही नोंदणीकृत रुग्णालयाशी बांधून टाकले, अपवाद इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा. कारण उघड आहे: पाठीवर ठेवलेला प्रोब पोटावरही ठेवता येतो. राज्यात दर हजार मुलांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. हे आकडे ज्याने पाहिले, त्याने या अटीबद्दल कुरकुर करू नये. यंत्र डॉक्टरबरोबर फिरता कामा नये. मग ते रुग्णालयाने रीतसर नोंदवून शस्त्रक्रियागृहात ठेवावे, आणि भूलतज्ज्ञाने त्याचे प्रशिक्षण व परवानगी दोन्ही मिळवावीत. मागणी करायची तर ती ही. सुरगाणा-पेठकडून रात्री नाशिकला पाठवलेली, रक्तदाब वाढलेली, जड अंगाची बाई टेबलावर बसेल तेव्हा कागद आधीच पूर्ण असले पाहिजेत.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे, म्हणून आणखी एक सूचना. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आधी बोटांनी फट शोधून निळी खूण करावी. मग प्रोब लावून लाल. जेल नीट पुसावे, सुई टोचण्यापूर्वी दोन खुणांमधले अंतर पट्टीने मोजावे आणि ते आपल्या लॉगबुकात लिहावे, शून्य असले तरी.