भविष्यवचन आणि त्याची पूर्ती

चैत्र शुद्ध प्रतिपदेस देवळांत नव्या पंचांगाचें वाचन करावयाचें आणि संवत्सरफल गांवानें ऐकावयाचें, ही चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांतील आटगांवासारख्या ठिकाणीं, जेथें भाताच्या पिकावर घर चालतें, तेथें शेतकऱ्याचे कान या वाचनांत पर्जन्यनक्षत्रांकडे लागावे हें स्वाभाविकच आहे. मृगाचें वाहन कोणतें, आर्द्राचें कोणतें? बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस भरपूर, असा ठोकताळा. परंतु आर्द्रा कोरडी गेली म्हणजे ज्यांनीं भविष्य ऐकलें तेच त्याची बाजू घेऊं लागतात. येथें नाहीं तरी घाटमाथ्यावर पाऊस झालाच कीं, असें एक म्हणतो. अजून नक्षत्राचे दोन दिवस उरले आहेत, असें दुसरा म्हणतो. भविष्याचे शब्द तेच राहतात, अर्थ मात्र आभाळ पाहून बदलतो. राब भाजून व बी पेरून बसलेल्या माणसाची आवणी या स्पष्टीकरणानें होत नाहीं.

यहुदी व ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांतील भविष्यवचनें आणि त्यांची इतिहासांत झालेली म्हणून सांगितली जाणारी पूर्ती, यांचा विचार करतांना हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवणें उपयोगाचें आहे. त्या ग्रंथांतील संदेष्टा हा ज्योतिषी नव्हे. तो ग्रह मोजीत नाहीं; राजाला व प्रजेला त्यांच्या आचरणाचा परिणाम बजावून सांगतो. तरीही तो पुढें घडणाऱ्या गोष्टी बोलतो आणि म्हणून त्याच्या बोलण्याला कसोटी लागते. ही कसोटी परक्या टीकाकारानें लावलेली नाहीं. अनुवाद नांवाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायांतच ती सांगितली आहे : परमेश्वराच्या नांवानें बोललेली गोष्ट घडून आली नाहीं, तर ती परमेश्वराची नव्हे असें समजावें.

या कसोटीचा एक प्रसंग यिर्मयाच्या ग्रंथांत आहे. बाबेलच्या राजानें यरुशलेमचे कांहीं लोक व मंदिराचीं पात्रें इ. स. पू. ५९७ मध्यें नेलीं होतीं. त्यानंतर हनन्या नांवाच्या संदेष्ट्यानें भर मंदिरांत सांगितलें कीं, दोन वर्षांच्या आंत सर्व परत येईल. लोकांना तें गोड वाटलें. यिर्मयाही म्हणाला कीं, तसें होवो. परंतु शांतीचें भाकीत करणाऱ्याची पारख तें घडून आल्यावरच होते. पुढें सातएक वर्षांनीं यरुशलेम पडलें आणि मंदिर जळालें. हनन्यानें मुदत घालून दिली होती, म्हणून तो खोटा ठरूं शकला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यिर्मयानें स्वतः सत्तर वर्षें सांगितलीं. बाबेलचें वर्चस्व इ. स. पू. ६०५ पासून ५३९ पर्यंत धरलें, तर तीं सहासष्ट भरतात. मंदिराच्या नाशापासून, म्हणजे ५८६ पासून, नवें मंदिर पुरें झालें त्या ५१६ च्या सुमारापर्यंत मोजलीं तर बरोबर सत्तर. दोन्ही हिशेब मांडले गेले आहेत. मात्र आरंभ कोठून धरावयाचा हें उत्तर पाहून ठरविलें, तर त्याला गणित म्हणतां येत नाहीं.

सोर नगराची कथा याहून बोधप्रद आहे. समुद्रांतील त्या श्रीमंत बंदराचा नबुखद्नेस्सर राजा नाश करील आणि तें पुन्हा बांधलें जाणार नाहीं, असें यहेज्केलानें सांगितलें. राजानें तेरा वर्षें वेढा घातला. परंतु त्याच ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, राजाच्या सैन्याला त्या श्रमाचें वेतन मिळालें नाहीं, म्हणून त्यास मिसर देश देण्यांत येईल. पुढें इ. स. पू. ३३२ मध्यें शिकंदरानें समुद्रांत भराव टाकून सोर घेतलें. पूर्ती मानणारे शिकंदराकडे बोट दाखवितात. न मानणारे म्हणतात कीं, नांव नबुखद्नेस्सराचें घेतलें होतें आणि नगर तर पुन्हा वसलें, इतकें कीं ख्रिस्ताचा शिष्य पौल तेथें सात दिवस राहिला. वाद कसाही सुटो. पहिलें वचन ज्या पोथींत आहे, त्याच पोथींत त्याची अपुरी पूर्तीही नोंदून ठेवली आहे. हा प्रामाणिकपणा वाचणाऱ्यांनीं उचलण्यासारखा आहे.

योनाचें उदाहरण तर उलट्याच बाजूचें. चाळीस दिवसांत निनवेचा नाश होईल, असें तो सांगून आला. लोकांनीं पश्चात्ताप केला आणि नगर वांचलें. योना रागावला, कारण आपला शब्द खोटा पडला असें त्याला वाटलें. ग्रंथाचें म्हणणें असें दिसतें कीं, शब्द खोटा पडला म्हणूनच तो सफल झाला.

कोरेश राजाविषयींचा वाद विद्वानांत अद्याप गाजतो. यशयाच्या ग्रंथांत त्याचें नांव घेऊन यहुद्यांच्या सुटकेचें वचन आहे आणि इ. स. पू. ५३९ मध्यें त्यानें बाबेल घेतलेंही. यशया हा त्याच्या दीडशें वर्षें आधींचा, म्हणून हा मोठाच चमत्कार, असें श्रद्धावान म्हणतात. ग्रंथाचा तो भाग बंदिवासाच्या काळांतच लिहिला गेला, असें बहुतेक संशोधक मानतात. बाबेलच्या अवशेषांत १८७९ सालीं कोरेशाचा मातीचा लेख सांपडला. तो सध्यां ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. परमुलखांतून आणलेल्या देवता व माणसें त्यानें स्वस्थानीं पाठविलीं, असें त्यांत आहे. परंतु विजयाचें श्रेय त्यानें बाबेलच्या मर्दुक देवास दिलें आहे आणि यहूदाचें नांवही काढलेलें नाहीं. एकच घटना दोन पोथ्यांत दोन देवांची कृपा ठरली.

ज्या १८७९ सालीं हा लेख सांपडला, त्याच सालीं ठाणें शहरांत बेने इस्रायल लोकांचें 'शआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचें द्वार, या नांवाचें प्रार्थनामंदिर बांधलें गेलें. आटगांवाहून आगगाडीनें ठाण्यास जाणाऱ्याला तें दूर नाहीं. भविष्यवचनाचा अर्थ लावणें ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे, हें या समाजाच्या इतिहासावरून कळतें.

बेने इस्रायलांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवापाशीं फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. ते कोंकणांत तेलाचे घाणे चालवूं लागले; शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशीं गांवांचीं नांवें त्यांनीं घेतलीं आणि मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. एलीया संदेष्टा महान् दिवसापूर्वीं पुन्हा येईल, असें वचन मलाखीच्या ग्रंथाच्या शेवटीं आहे. कोंकणांत तें दूरचें राहिलें नाहीं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलीयाच्या रथाच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. शुभकार्यांत नवसाचा मलिदा, म्हणजे पोहे, खोबरें, साखर व फळें, त्याच्या स्मरणानें वाढतात.

पांगलेल्या इस्रायलाला चारी दिशांकडून एकत्र करण्याचें वचनही यशयाच्या ग्रंथांत आहे. १८९७ सालीं बाझल येथें पहिली झिऑनवादी परिषद भरली, तेव्हां मुंबईच्या बेने इस्रायलांनाही सहभागाविषयीं विचारण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला. कारण स्वदेशीं परत नेण्याचें कार्य ईश्वराच्या हातून व्हावयाचें, असा त्यांचा अर्थ होता. १९४८ च्या मे महिन्यांत इस्रायल राष्ट्र स्थापन झालें. जगांतील असंख्य वाचकांनीं त्यास पूर्ती म्हटलें आणि कोंकणांतील अनेक कुटुंबांनीं गांठोडीं बांधलीं.

पुढचा इतिहास वचनाइतका सरळ नाहीं. घर व काम यांबाबत आपणांस वेगळी वागणूक मिळते, अशी तक्रार करून त्यांपैकीं कांहींनीं तेथें धरणें धरलें आणि १९५२ सालीं शंभरांहून अधिक माणसें हिंदुस्थानांत परत आलीं. त्यांतील बरेच लोक मागाहून पुन्हा तिकडे गेले. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा आदेश काढला कीं, बेने इस्रायलाचा विवाह इतर यहुद्याशीं व्हावयाचा असल्यास त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी. कारण कोंकणांत काडीमोड शास्त्राप्रमाणें होत असे कीं नाहीं, याची त्यांना शंका होती. ज्यांनीं घाण्यावरचा शनिवार शेंकडों वर्षें पाळला, त्यांच्या लेकींना लग्नासाठीं आजीचा दाखला मागण्यांत आला. १९६४ सालीं या लोकांनीं यरुशलेमेंत तीव्र आंदोलन केलें आणि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें कायदेमंडळानें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला. त्यानंतर आदेशांतून त्यांचें नांव गेलें.

मग वचन पूर्ण झालें कीं नाहीं? गणतीनें पाहणारा होय म्हणेल. परंतु एकत्र करणें म्हणजे नुसतें एका किनाऱ्यावर उतरविणें नव्हे, असें १९५२ सालीं परत फिरलेला माणूस म्हणाला असता, तर त्याला चूक ठरविणें कठीण होतें. पूर्तीचा निर्णय दूर बसून नकाशा पाहणाऱ्यानें एकट्यानें द्यावयाचा नसतो. जो त्या वचनाच्या भरंवशावर घर सोडतो, त्यालाही साक्षीला बोलावलें पाहिजे.

अमेरिकेंत विल्यम मिलर नांवाच्या उपदेशकानें दानीएलाच्या ग्रंथांतील तेवीसशें दिवसांचीं वर्षें केलीं, इ. स. पू. ४५७ पासून मोजलीं आणि त्यावरून ख्रिस्ताच्या आगमनाचा काळ काढला. अनुयायांनीं अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. कित्येक शेतकऱ्यांनीं त्या भरंवशावर उभें पीक शेतांतच सोडलें. तो दिवस गेला, थंडी आली आणि पीक सडलें. अर्थ लावणारांनीं लगेच नवा अर्थ लावला. बुडालेलें पीक मात्र कोणी भरून दिलें नाहीं.

तात्पर्य, भविष्यवचन वाचणारानें तीन गोष्टी आपणांस विचाराव्या : हा अर्थ घटनेच्या आधीं सांगितला होता काय, काय घडलें असतां तो चुकला असें मानावयाचें, हें ठरविलें होतें काय, आणि तो चुकल्यास भुर्दंड कोणास पडेल? यिर्मया हनन्याला तसें होवो असें म्हणाला आणि थांबला. श्रद्धा ठेवूनही थांबतां येतें, हें त्याच्या उदाहरणावरून दिसतें.