डोंगरातले घर आणि सरकारची हमी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात, चॅफी नावाची काउंटी (आपण जिल्हाच म्हणू) आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी विद्यापीठांची नावे ल्यालेली तिथली शिखरे चौदा हजार फुटांहून उंच. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यात मूळ असलेल्या योजनेखाली तिथल्या बेताच्या मिळकतीच्या शिक्षकाला, किमतीपैकी पदरचे काही न घालता, बँकेचे गृहकर्ज मिळू शकते. कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत हमी कृषिखाते घेते. होय, कृषिखातेच, शेत मात्र नसले तरी चालते! पण हमी आहे ती बँकेला. जिल्ह्यातील बहुतेक जमीन सार्वजनिक मालकीची. उरलेल्या थोडक्या जागेवर सुटी घालवायला येणारा धनिक रोख पैसे मोजतो. शिक्षकाला झेपणारा हप्ता त्या किमतीपर्यंत पोचत नाही, आणि अटींत बसूनही तो भाड्याच्या खोलीतच राहतो.