राष्ट्रगीत, सर आणि एक गुडघा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी कॅलिफोर्नियात राहतो. तिकडे 'फुटबॉल' मुख्यतः हाताने खेळतात! सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फोर्टीनाइनर्स' संघाचं मला वेडच लागलं. २०१३च्या सुपर बोलमध्ये ते ३४-३१ असे हरले, त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हा डाव चालवणारा खेळाडू होता कॉलिन कॅपर्निक.

२०१६ साली, कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ, तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला. मग एका माजी सैनिकाशी बोलून गुडघा टेकू लागला. मला संताप आला. राष्ट्रगीताला पापणीही हलवायची नाही, हे वळण पी.टी.च्या सरांनी लावलेलं. (सर समोरच बसलेत.) ऑफिसातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याशी मी तावातावाने बोललो. तो म्हणाला, "मुलाला गाडी शिकवताना माझा पहिला धडा कोणता, माहितेय? पोलिसांनी थांबवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, त्यांना दिसतील असे ठेव."

माझ्या मुलीला मी फक्त पार्किंग शिकवलं होतं.

२०१७पासून कॅपर्निकला एकाही संघाने घेतलं नाही. खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं लीगच्या प्रमुखांनी २०२०मध्ये कबूल केलं, तरी नाहीच. आणि मी? दर रविवारी सामना बघतो, तिकिटंही काढतो. बायको म्हणते, "मग राग कसला?" उत्तर सुचत नाही.

सर, राष्ट्रगीताला मी अजून ताठच उभा राहतो. फक्त नजर समोर राहत नाही, खेळाडूंच्या रांगेकडे जाते.